निळा सदतीस, पिवळा एक्केचाळीस

सुळा शेजारच्या दातांपेक्षा अर्धी छटा गडद असतो. नवखे कारागीर सगळे दात एकाच रंगाचे करतात आणि तोंड लगेच खोटं दिसतं.

प्रश्न चौदा : गेल्या दहा वर्षांत आपण जिथे जिथे सलग नव्वद दिवसांहून अधिक राहिलात ती सर्व ठिकाणं, तारखांसह. जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा.

मुलीचा पोहण्याचा चष्मा. रबर सैल, एक काच धुरकट. तीन घरं बदलली, पण तो कुठल्या ना कुठल्या खिळ्याला लटकलेला असतोच.

निळा सदतीस, पिवळा एक्केचाळीस.

"ही फोड तू घे." "नको बाबा, तुम्हीच खा. घाबरलात की तुम्हाला भूक लागते."

टोकन दोनशे सहा. फलकावर एकशे नव्वद.

"अहो तक्तेसाहेब! मिळालं! कायमचं मिळालं!"

हा शेवटचा आवाज नळवाल्याचा. फोन आला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि मी नि मुलगी परवाना कचेरीच्या हॉलमध्ये बसलो होतो. तिथल्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या आहेत, त्यामुळे टोकाच्या माणसानं पाय हलवला की अख्खी रांग हलते. टोकाला मीच होतो. मुलीनं दोनदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून पाय थांबवला होता. नळवाला पाइप जोडायचं काम करतो म्हणून नळवाला. पहिल्या देशात आमचा शेवटचा महिना उरला होता तेव्हा तो नवीन आला आणि आमच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपला. आम्ही निघालो तेव्हा त्यानं आमचं सामान खाली नेऊन ठेवलं आणि आमच्याच खोलीत राहिला. देशांची नावं आमच्या घरात कुणी घेत नाही. पहिला निळा, दुसरा पिवळा, आत्ता राहतो तो हिरवा. हे तक्त्यातल्या पेन्सिलींचे रंग आहेत आणि तक्ता माझा आहे, म्हणून मी तक्तेसाहेब. साहेब हे चेष्टेनं. मी दात बनवतो.

"कायमचं म्हणजे?" मी विचारलं. काहीतरी विचारायला पाहिजे म्हणून.

"म्हणजे आता हाकललं तरी जात नाही मी! आणि हे सगळं तुमच्यामुळं हो. तुम्ही म्हणालात थांब, तर थांबलो."

मी त्याला थांब असं म्हणालो नव्हतो. तुझ्या गुणांवर दुसरीकडं कुणी दारात उभं करणार नाही, असं म्हणालो होतो, जरा गोड शब्दांत. पण लोक उपकार आपल्या सोयीनं आठवतात. मी म्हणालो, अरे पण तुझं परवान्याचं कार्ड नोव्हेंबरात आलं होतं ना, पाच वर्षं भरायला अजून दोन महिने आहेत. मला सगळ्यांच्या तारखा पाठ असतात. एक क्रेनवाला आहे, एक नर्सबाई, दोन आचारी, त्यांच्या बायका. कुणाचं कुठं किती झालं, कुणाचे किती उरले, झोपेतून उठवून विचारा. नळवाला हसला. "तेच तर! मीसुद्धा कार्डावरूनच मोजत होतो. जानेवारीत भाषेच्या परीक्षेचा कागद द्यायला गेलो, तर खिडकीवरची बाई म्हणते, तुमची पाच वर्षं भरली की, अर्ज का करत नाही? म्हटलं, कशी भरली? तर म्हणाली, कार्डावरून नाही मोजत, पासपोर्टवर आल्याचा शिक्का पडला त्या दिवसापासून मोजतात. नियम जुना आहे म्हणे, पहिल्यापासून असाच. तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

"हो," मी म्हणालो. "माहीत होतं."

माहीत होतं. हे दोन शब्द मी इतक्या सहज म्हणालो की क्षणभर माझाच विश्वास बसला. नळवाला पुढं बोलत होता, वहिनींना सांगा, तुमचाच पलंग अजून वापरतोय, पायाखाली वीट लावलीय, आणि तुमची लेक केवढी झाली आता. मी हूं हूं करत होतो. दाढेवर टोपी बसवताना कधीकधी असं होतं. साच्यावर सगळं नीट बसतं, कुठं रेषाही दिसत नाही, आणि तोंडात घातल्यावर माणूस म्हणतो, काहीतरी उंच लागतंय. रंगाचा कागद चावायला लावून बघावं तर केसाएवढा ठिपका. तो केस खरवडला नाही तर काही महिन्यांत जबडा दुखतो, मग कान, मग मान, आणि माणूस मानेच्या डॉक्टरकडं जात राहतो. फोन ठेवल्यावर मी मांडीवरची फाईल उघडली. जुना पासपोर्ट, कोपरा कापलेला. पान अकरा. शिक्का तिरका पडलाय, शाई फिकी झालीय. अठरा जून. दहा वर्षांपूर्वीचा. आणि कार्ड? कार्ड आलं पुढच्या मे महिन्यात, अकरा महिन्यांनी, तोवर तात्पुरत्या परवान्याचा हिरवट कागदाचा एक चतकोर घडी घालून खिशात. त्या चतकोरानं काय मोजायचं, असं मला वाटलं. कार्ड हातात आलं त्या दिवशी आमचा जन्म झाला, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा होतो, आणि पेन्सिलीला टोक करून तक्त्याच्या निळ्या रकान्यात पहिली तारीख घातली. कुणालाही विचारलं नाही. मी विचारणारा माणूस नाही, लोक मला विचारतात.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"नळवाल्या काकाला मिळालं. कायमचं."

"अरे वा!" ती खरंच खूश झाली. मग फलकाकडं बघून म्हणाली, "एकशे ब्याण्णव."

तक्ता असा. लॅबमधला चौकटीचा कागद, चार पानं चिकटवून. आडव्या ओळीत देश, उभ्यात दहा गोष्टी, प्रत्येकीला पाचपैकी गुण. किती वर्षांत कायमचा परवाना. दात बनवणाऱ्याला काम किती, आणि ते किती वर्षं टिकेल. पगार. घरभाडं. बायकोला काम करायची मुभा. भाषेची परीक्षा किती अवघड. वर्षातून किती दिवस बाहेर राहिलं तर मोजणी तुटते. मालक बदलला तर परवाना जातो का. शाळा. म्हाताऱ्या आईबापांना आणता येतं का. (या शेवटच्या ओळीत सगळीकडं शून्य किंवा एक, म्हणून बायको म्हणायची, ही ओळ कशाला ठेवलीत, नुसती जळवायला?) युरोपात कुठं जावं, असा प्रश्न घेऊन पहिला माणूस आला तो आमच्या वरच्या मजल्यावरचा आचारी. त्याला मी पाऊण तास तक्ता समजावला. तो गेला, तिकडं रुजला, त्यानं भावाला सांगितलं, भावानं मित्राला. मग सुट्टीच्या दिवशी फोन सुरू झाले. नर्सबाईला मी पिवळ्यातून उचलून निळ्यात पाठवली. क्रेनवाल्याला म्हटलं, तू हलू नकोस, तुझं काम तिथंच आहे. सगळ्यांचं जमलं. एकाचंही चुकलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, हे बायको गेली पाच वर्षं म्हणत आलीय, पण हसत. त्यातही एक प्रेम होतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपलं भरतंय ना, असंही म्हणायची. आज घरी गेल्यावर तिला सांगायचं की नाही. सांगितलं तर ती हसेल की नाही. मी फाईल बंद केली, परत उघडली. अठरा जूनच होता. तो काही बदलणार नव्हता.

निळा सदतीस, पिवळा एक्केचाळीस, अशी बेरीज झाली तो रविवार. निळ्यातलं आमचं घर चौथ्या मजल्यावर, चौऱ्याण्णव पायऱ्या, लिफ्ट नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची, तिथं एक बाई रोज त्याच वेळी गालिचा झटकायची. माझ्या हिशेबानं निळ्यात अजून सव्वा वर्ष काढायचं होतं. पिवळ्यानं टंचाईची यादी काढली होती, तिच्यात दात बनवणारे होते, आणि यादीतल्यांना अठरा महिन्यांत कायमचं. म्हणजे तीन महिन्यांचा फरक. आणि बायकोला पहिल्या दिवसापासून काम. निळ्यात ती साडेचार वर्षं घरात बसली होती. शाळेत चित्रकला शिकवणारी बाई, तिनं त्या घराच्या सगळ्या दरवाज्यांच्या मुठींची चित्रं काढून काढून वह्या भरल्या. तिच्या ओळीत निळ्याला शून्य होता, पिवळ्याला पाच. मी म्हटलं, हे बघ, आकडे काय म्हणतात ते बघ. ती म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं का?" मी म्हणालो, हातात काय आहे, सव्वा वर्ष आहे नुसतं. ती मुठींची वही मिटून म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही मोजलंय." तुम्ही मोजलंय. तेव्हा ते मला कौतुक वाटलं होतं.

मुलगी आठवड्यापूर्वी बारा वर्षांची झाली होती. शाळेजवळच्या तलावावर ती दोन वर्षं पोहायला शिकत होती. तिथं एक परीक्षा असते : उंच फळीवरून उडी, तळाची रबरी कडी वर आणायची, मग न थांबता दोनशे मीटर. कडी तिला जमत नव्हती. कान दुखायचे. मग एका दिवशी जमली. ती चौऱ्याण्णव पायऱ्या धावत वर आली, केस ओले, एका हातात चपला, आणि दारातूनच ओरडली, "तळ लागला, बाबा! माझे हात तळाला लागले!" तलावाच्या शिक्षिकेनं परीक्षेचं पत्र दिलं होतं. मी ते फाईलमध्ये लावलं, न वाचता. आम्ही कागद फेकत नाही, कुठला कागद कधी मागतील सांगता येत नाही. सामान बांधताना ती खोक्यावर बसली आणि म्हणाली, "परीक्षा होईपर्यंत थांबू या ना. मग जाऊ. मी काही म्हणणार नाही मग." नळवाला तिथंच होता, दोरी कापत. तो म्हणाला, "हो की, थांबा की, माझी सोय होईल स्वयंपाकघरात." मी हसलो. मी मुलीला तक्ता दाखवला. मुलांशी मोठ्यांसारखं बोलावं असं माझं मत होतं. तिनं बोटानं ओळी मोजल्या आणि विचारलं, "पोहणं कुठल्या ओळीत आहे?" मी म्हणालो, शाळेत धरलंय. ते खरं नव्हतं. एकोणीस फेब्रुवारीला आम्ही निघालो.

एकशे शहाण्णव. एक माणूस खिडकीवरून परत येताना कागद तोंडापुढं धरून चालत होता, जणू त्याला झाकायचं होतं काहीतरी.

एकोणीस फेब्रुवारी ते अठरा जून. फेब्रुवारीचे नऊ, मार्चचे एकतीस, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे अठरा. एकशे एकोणीस दिवस. शिक्क्यापासून मोजलं तर निळ्यात पाच वर्षं भरायला एवढेच उरले होते. मी बोटांच्या पेरांवर मोजलं, मग टोकनच्या मागं पेन्सिलीनं मांडलं, मग खोडलं. लॅबमध्ये मी एक दशांश मिलिमीटरची चूक नुसत्या नखानं ओळखतो. मेणात दात बसवताना वरचा जबडा खालच्यावर कसा टेकतो ते बघायला एक यंत्र असतं, लोखंडी बिजागरीचं, त्याला जबडाच म्हणतो आम्ही. ते हजारदा उघडमीट करून मी चावा जुळवतो. माणूस समोर नसतो, फक्त एक क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाला उद्या भाकरी चावता येईल की नाही हे माझ्या अंगठ्यावर असतं. असा माणूस. आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हेच चुकलं. मोजणी चुकली नाही, हे लक्षात घ्या. मोजणी बरोबरच होती. हे मी कुणाला सांगतोय? शेजारी मुलगी सफरचंदाच्या उरलेल्या फोडी कागदात गुंडाळत होती.

पिवळ्याचं काय झालं ते थोडक्यात. सतराव्या महिन्यात यादी बदलली. दात कापणारं यंत्र आलं होतं. एका खोलीत चार यंत्रं, एक माणूस, रात्रंदिवस पांढरा भुगा. टंचाई संपली. मालकानं मला यंत्रापुढं उभं करून सांगितलं, हे बघ, हे सुळ्याला अर्धी छटा गडद पण करतं. मी म्हटलं, उत्तम. आणखी वर्षभर काढलं, कुठं काही उघडतंय का बघत. मग हिरवा. हिरव्यात कायमचं व्हायला चार वर्षं, आणि कवळीला अजून माणूस लागतो, कारण म्हाताऱ्या हिरड्या यंत्राला कळत नाहीत. तीन वर्षं दोन महिने झालेत. पुढच्या जुलैत चार भरतील. मुलगी येत्या बारा फेब्रुवारीला अठरा वर्षांची होते. अठरा झाली की ती माझ्या परवान्यावर राहत नाही. तोवर माझं कायमचं झालं असतं तर ती त्यात आली असती. पाच महिने कमी पडतात. म्हणून आज आम्ही इथं आलो होतो, त्या पाच महिन्यांचं काही करता येतं का हे विचारायला. घरून निघताना माझ्या मनात एवढाच प्रश्न होता, पाच महिने. आणि आता त्याच्याखाली दुसरा एक आकडा येऊन बसला होता, दातामागं उगवलेल्या दातासारखा.

बारा-दोन. हे आम्ही घरात असंच म्हणतो, बारा-दोन, तारीख नव्हे तर एखादी शिवी असल्यासारखं.

दोनशे सहा. खिडकीमागची बाई पन्नाशीची, केस बारीक कापलेले, आवाज थकलेला पण वाईट नाही. ती बोलू लागली आणि मला तिच्या वरच्या उजव्या बाजूचे तीन दात दिसले. ब्रिज, म्हणजे एकत्र जोडून बसवलेले खोटे दात. मधल्या दाताची कड, तिथं मी नेहमी एक बारीक खाच ठेवतो, म्हणजे खरा वाटतो. शपथेवर सांगता येणार नाही, पण काम माझंच असावं. माझे दात तिच्या तोंडात राहतात, कायमचे, विनापरवाना. हे मला हसू येण्यासारखं वाटलं आणि हसू आलं नाही. मुलगी तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती. मुलीला ती भाषा पाण्यासारखी येते, मला वाटीवाटीनं. मी परीक्षा दिलीय, पास झालोय, पण खिडकीपुढं गेलं की माझी भाषा आत जाऊन बसते. बाई चार मिनिटं बोलली. स्वतंत्र अर्ज. स्वतःचं कारण. शिक्षण असेल तर प्रवेशाचं पत्र आणि वर्षभराच्या खर्चाची हमी. अर्ज बाहेरून करावा लागतो. बाहेरून म्हणजे ज्या देशाचा पासपोर्ट आहे तिथून. अपवादासाठी विनंती करता येते, निर्णयाला सात ते चौदा महिने, आणि त्या काळात इथं राहता येईलच असं नाही. मला सगळं कळलं. एकेक शब्द कळला. मुलीनं मान हलवत ऐकून घेतलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात, वेगळा अर्ज करायला लागेल. एक विनंतीचा फॉर्म आहे. बघू म्हणाल्या."

"बघू म्हणाल्या?"

"हो. वेळ लागेल म्हणाल्या थोडा."

चार मिनिटांचं तिनं एवढंच केलं. ती लहान होती तेव्हा औषध कडू असलं की मी आधी स्वतः चाटून गोड आहे म्हणायचो. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "बरं. मग तसं काही नाही घाबरण्यासारखं." ती म्हणाली, "नाहीच." खिडकीमागची बाई आमच्या दोघांकडं बघत होती, भाषा कळत नसूनही तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिनं फॉर्म दिला तो दोन्ही हातांनी. मग तिनं फाईल मागितली आणि प्रश्न चौदाचा वेगळा कागद काढून वाचू लागली. निळा, तारखा. पिवळा, तारखा. तिनं पेनाचं टोक निळ्यावर ठेवलं. मुलीला काहीतरी विचारलं. मला ते कळलं आणि मी मुलीच्या आधी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वाटी रिकामी होती.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, तिथं एवढी वर्षं काढली होती, मग इकडं का आलात." मुलगी खिडकीकडं वळली आणि तिनं तिच्या मनानं उत्तर दिलं. त्यात 'आईला काम' हे शब्द मी ओळखले. दोष तिनं आईवरही टाकला नाही आणि माझ्यावरही, कामावर टाकला. बाईनं मान हलवली. शिक्का मारला. कसला तरी शिक्का, फक्त आम्ही आलो होतो याचा.

बाहेर ऊन होतं. बसथांब्यावर आम्ही शेजारी बसलो. मुलगी सहा फुटांना थोडी कमी, माझ्याहून उंच, तरी बसली की अजून पाय आत ओढून बसते. ती सात वर्षांची असताना इकडं आली. ज्या देशाचा पासपोर्ट आहे तिथं तिची एक आत्या आहे, दोन खोल्यांत पाच माणसं, आणि ती आत्या फोनवर नेहमी म्हणते, "पाठवा की तिला, आमचं काय, एक ताट जास्त." ती मनापासून म्हणते. मुलीला तिथला रस्ता ओलांडता येणार नाही. मराठी तिला येते, पण लिहिताना ती अक्षरांची चित्रं काढते. मी हे सगळं मनात मांडत होतो, रकाने पाडत होतो. भाषा दोन. शाळा एक. आई शून्य. थांब, म्हटलं स्वतःला. पेन्सिल खाली ठेव.

"नळवाले काकांना मिळालं म्हणजे," ती म्हणाली, "आपण तिकडंच राहिलो असतो तर आपल्यालाही मिळालं असतं?"

रस्त्यापलीकडं एक माणूस दुकानाची काच पुसत होता. वरून खाली, वरून खाली, आणि प्रत्येक वेळी शेवटचे थेंब बोटानं टिपत होता.

"तेव्हा अजून सव्वा वर्ष बाकी होतं," मी म्हणालो.

"हो, माहितीय. तुम्ही किती वेळा सांगितलंय." मग हसून, "तक्तेसाहेब, नव्या तक्त्यात मला किती गुण देणार?"

"तुला? पाचपैकी सहा."

"मग काय, चोरीच झाली ती."

बायकोचा फोन आला. ती म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात चादरी इस्त्री करते, जेवणाच्या सुट्टीतच बोलता येतं. "काय म्हणाले हो?" मी म्हणालो, "फॉर्म दिलाय. बघू म्हणाले." तिकडं इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज. "बघू म्हणजे काय? कोण बघणार? तुम्ही विचारलं नाहीत?" मी म्हणालो, विचारलं. ती म्हणाली, "तिला द्या फोन." मी दिला. मुलगी म्हणाली, "आई, काही नाही गं, होईल," आणि उठून थोडी लांब जाऊन बोलू लागली, माझ्याकडं पाठ करून. तिचा मोकळा हात पाठीमागं होता आणि बोटं एकेक करून मिटत होती. ती काहीतरी मोजत होती. महिने असावेत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाळ, आधी विचार, कुठून मोजायचं. पण तिची मोजणी बरोबर होती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी.

दुपारी मी कामावर गेलो. मुलीनंच पाठवलं, अर्ध्या दिवसाची रजा का घालवता म्हणाली. टेबलावर एक पूर्ण कवळी होती, वरची आणि खालची, क्रमांक चार हजार एकशे बारा. गुलाबी मेणात मी दात एकेक करून बसवले. सुळा अर्धी छटा गडद. लोखंडी जबडा उघडला, मिटला. उघडला, मिटला. शेजारच्या टेबलावरची कारागीर बाई म्हणाली, किती वेळा बघशील, बसलंय ते. मी मान हलवली. बसलं होतं. कागद लावला, कुठं ठिपका नव्हता. तरी मी पुन्हा उघडला. समजा आज घरी जाऊन सांगितलं. बायको काय करेल? ती काही करणार नाही. ती म्हणेल, बरं. आणि मुठींची वही काढेल. आणि मुलगी? तिला सांगितलं तर तिला एक गोष्ट मिळेल जी आत्ता तिच्याकडं नाही : जबाबदार माणूस. आत्ता तिला वाटतं नियम असतात, आणि नियमांचं काय करणार. नियमावर रागवून माणूस जगू शकतो. बापावर रागवून दुसऱ्या खंडात, आत्याच्या दोन खोल्यांत, सहाव्या ताटावर. की उलट? सांगायला नको असं म्हणणारा मी कुणाला वाचवतोय? हे मांडण्यासाठी दोन रकाने पुरले असते, सांगणं आणि न सांगणं. मी चौकटीचा कागद पुढं ओढला. आडवी रेघ मारली. उभी मारली. डाव्या वरच्या चौकोनात पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून बसलो, टोक मोडेपर्यंत.

फोनवर नळवाल्याचा फोटो आला होता. कार्ड छातीशी धरलेला तो, मागं आमची जुनी खिडकी, समोरच्या इमारतीची मागची बाजू. खाली लिहिलं होतं, सगळं तुमच्यामुळं. त्यानंतर लगेच एक अनोळखी नंबर : नमस्कार सर, तुमचं नाव नळवाले दादांकडून मिळालं, माझे मिस्टर वेल्डर आहेत, कुठला देश बरा पडेल? वेळ असेल तेव्हा सांगा. मी लिहिलं, आधी एक सांगा, पासपोर्टवर शिक्का कधीचा आहे? ते पाठवलं. मग फोन उलटा ठेवला. चार हजार एकशे बाराची खालची कवळी हातात घेतली, अंगठ्यानं हिरडीची कड गुळगुळीत करू लागलो, आणि मेण ऊबेनं मऊ होत गेलं, इतकं की मागचे दोन दात कलले, आणि मी ते पुन्हा काढून पहिल्यापासून बसवायला घेतले.

न वाचता फाईलमध्ये लावलेल्या त्या पत्रात तारीख होती : मुलीची पोहण्याची परीक्षा, आम्ही निळा सोडला त्या वर्षी, वीस जूनला होती.